तीन चाकांची येझदी

पेणला निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवताना, विशालनं बापाकडून शब्द घेतला. तोही सगळ्यांच्या देखत, म्हणजे मागाहून कुणी फिरवायला नको. सखानं ताटातून मान वर न करता शब्द देऊन टाकला.

"एकच फेरी मारीन. जमली तर जमली. नाय जमली तर त्या गाडीचं नाव परत तोंडातनं काढनार नाय."

शांतीचा भात वाढणारा हात तिथंच थांबला. पन्नास-बावन्न वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या पुष्कळ खोडी मोडल्या होत्या, पण दिलेला शब्द पाळायची खोड काही गेली नव्हती. हा माणूस म्हणाला तर खरंच नाव काढणार नाही, आणि मग ओटीवरच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठणारही नाही, हे तिला लख्ख दिसलं. विशाल पोटचा पोर खरा, पण त्या घडीला तिला त्याचा भयंकर राग आला.

आता विशालचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. गेल्या चैत्रात सखा बांधावरून घसरला आणि त्याचा डावा खुबा मोडला. त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणला तो विशालनंच. सगळ्या वाटेत म्हातारा ओरडला नाही की कण्हला नाही, फक्त त्यानं पोराची कॉलर धरून ठेवली होती, ती दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत फाटली. तो शर्ट विशालनं टाकला नाही आणि परत घातलाही नाही. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला-फिरायला हरकत नाही, दुचाकी मात्र बंद, पुन्हा पडले तर अंथरूणच. मग पेणला दिलेल्या थोरल्या बहिणीचं, अनिताचं, बापाला परत गाडीवर बसवायचं हे नवीन खूळ ऐकून विशालनं कपाळाला हात लावला त्यात त्याचं काय चुकलं?

पण डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. सखाला चालता येत होतं, पण कुठं जायचं हेच उरलं नव्हतं. कंपनीत बॉयलरवर पंचवीस वर्षं पाळ्या केल्या त्या येझदी मोटारसायकलवर. निवृत्तीनंतरही बाजार, देवळातलं भजन, कुणाच्या बारशाला, कुणाच्या तेराव्याला, सगळीकडे तो येझदीवरच गेला. गाडी थकून पडवीत बसली, कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायला लागल्या, तेव्हाही तो रोज एकदा तिच्यावरून हात फिरवायचा. दोन वर्षांपूर्वी अनिताचा ऋत्विक टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, आबा, ही मी पेणला नेऊन नीट करतो. तेव्हा हसत हसत टेम्पोवर चढवायला सखानंच हात लावला होता.

विशालच्या आदर्शला मात्र ते फार झोंबलं. गाडी रोह्याची, आबा रोह्याचे, आणि नेणार कोण, तर आत्याचा पोरगा! बरं, नेली तर नेली, जशी कारखान्यातून बाहेर पडली होती तशी तरी करावी. कुठला स्क्रू कुठला, मूळचा रंग कुठला, हे सगळं आदर्शनं जुनी पत्रकं जमवून पाठ केलं होतं. आबांचा खुबा मोडल्यावर ऋत्विकनं कळवलं की आता तिला बाजूला तिसरं चाक नि बसायला डबा, म्हणजे साइडकार लावतोय, तेव्हा आदर्शनं फोनच ठेवून दिला. येझदीची किल्ली त्याच्याकडे होती, ती त्यानं दिली नाही. ऋत्विकनं खिळा घालून इंजिन चालू करून बघितलं आणि तसं मुद्दाम कळवलंही. त्यानंतर दोघे मामे-आतेभाऊ चार महिने बोलले नव्हते.

म्हणजे घरात दोन तट पडले होते. एकीकडे अनिता, तिचा नवरा जनार्दन, ऋत्विक आणि उघड न बोलता शांती. दुसरीकडे विशाल आणि आदर्श. त्यांचीही कारणं वेगळी, एकाला बाप पडेल ही भीती, दुसऱ्याला गाडी बिघडवली हा राग. विशालच्या बायकोनं वालाची झोडणी पुढं करून या सगळ्यातून अंग काढून घेतलं होतं, आणि ती घरातली सगळ्यात शहाणी.

सकाळी आठला विशालची गाडी रोह्यातून निघाली. पुढं सखा, मागं शांती आणि आदर्श. निडी गावाच्या रेल्वे फाटकापाशी सखा काचेतून बघत म्हणाला, की हिथं यायचं आणि प्लग काळा पडायचा, दर वेळी हिथंच. विशाल हूं म्हणाला. प्लगचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पावसाळ्यात येझदी किकला दाद द्यायची नाही. पहिली पाळी गाठायची तर ती ढकलून चालू करावी लागायची, आणि ढकलायला विशाल. तेव्हा तो सहावीत होता, शाळा सकाळची. रोज अंगणापासून पिंपळापर्यंत तो जीव खाऊन ढकलायचा. गाडी एकदा फुरफुरली की सखा थांबायचा नाही, कारण थांबला की ती बंद पडणार. मागंही बघायचा नाही. फक्त एक हात वर करून ओरडायचा, "जा रे आता शाळेला!" आणि विशाल पांढऱ्या शर्टावर तेलाचे ठिपके घेऊन वर्गात जायचा. मास्तरांनी त्याचं नाव गॅरेज ठेवलं होतं. बापानं कधी मागं वळून बघितलं नाही, ही गोष्ट पन्नाशी आली तरी त्याच्या मनातून गेलेली नव्हती. बायकोलाही त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

पेणला अनिता दारातच उभी होती. भाकरीच्या पिठानं हात भरलेले, तशीच पुढं येऊन तिनं बापाला कोपरांनीच आधार दिला. तिनं विशालला हळूच विचारलं, तोंड का असं केलंयस? विशाल म्हणाला, ताई, तू दोन घास सुखानं खाऊ दे म्हणजे झालं. बिरडं आहे, कोलंबी आहे, पण आधी गाडी, असं अनितानं जाहीर करून टाकलं.

घरामागं जनार्दनचा गणपतींचा कारखाना. लांबलचक पत्र्याची शेड, निम्म्या शेडमध्ये फळ्यांवर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं बसलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यात ऋत्विकचं गॅरेज. मध्ये भिंत नाही. एका बाजूला सोंडांचे साचे, दुसऱ्या बाजूला पाने, पिस्टन, तारांची भेंडोळी. जॅम झालेलं इंजिन सुटावं म्हणून ऋत्विकनं आठ दिवस त्यात रॉकेल भरून ठेवलं, तेव्हा शेजारच्या गणपतींनाही रॉकेलचा वास लागला होता असं जनार्दन सांगायचा. टाकीतला गंज त्यानं आत खडे घालून, हलवून हलवून काढला. त्या खडखडाटानं गल्ली हैराण झाली, पण कुणी तक्रार केली नाही. गाडी कुणाची आणि कशासाठी, हे एव्हाना सगळ्या गल्लीला माहीत होतं.

साइडकारचा डबा जनार्दननं केला होता. आधी शाडूत घडवला, मग त्यावर फायबर चढवलं. हात मूर्तीचा, त्यामुळे डब्याचं पोट चांगलं गोल सुटलं होतं. शांतीला त्यात बसवून, म्हणजे शाडूच्या नमुन्यात, त्यानं तिच्या गुडघ्यांचं माप घेतलं होतं.

आणि इथंच एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. जनार्दनच्या कारखान्यात त्याच्या बापापासूनची रीत होती. मूर्तीचे डोळे आखून झाले की तिच्यावर कापड पडायचं. ते काढायचं मूर्ती न्यायला येणाऱ्यानं. तोवर ना मालक हात लावणार, ना कामगार. येझदीला साइडकार बसली, रंग झाला, आणि अगदी शेवटी जनार्दननं डोळे आखायच्या बारीक ब्रशनं टाकीवर सोनेरी रेघ ओढली. रेघ पुरी झाली आणि त्यानं सवयीनं कापड टाकलं. ऋत्विकनंही सवयीनं हात मागं घेतला. बारा दिवस गाडीला कुणी शिवलं नाही.

"आबा, तुम्हीच काढा," ऋत्विक म्हणाला.

सखानं काठी आदर्शच्या हातात दिली आणि कापड ओढलं.

टाकी दाट वांगी रंगाची, त्यावर ती रेघ, कुठंही न थरथरलेली. चाकांच्या कडा झळझळीत. डाव्या हाताला तो गोल पोटाचा डबा, आत लाल गादी. सखानं हँडलवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

आदर्श मात्र चुका काढायला आला होता, तो गाडीभोवती फिरायला लागला. हा रंग मूळचा नाही. हा आरसा तर नाहीच नाही. मागच्या मडगार्डपाशी तो खाली बसला. तिथं पत्रा आत दबून पडलेली एक पोच होती, पूर्वी वासरानं लाथ मारली होती तिची. सगळा पत्रा ठोकून सरळ केलेला, रंगवलेला, पण ती एवढी पोच जशीच्या तशी ठेवलेली.

"ही का नाय काढलीस?" त्यानं विचारलं. चार महिन्यांनी बोललेले हे पहिले शब्द.

"ती आबांची हाय," ऋत्विक म्हणाला. "ती काढून काय करू?"

आदर्शनं खिशातून किल्ली काढली आणि ऋत्विकच्या हातावर ठेवली. एका तटातला एक माणूस असा अलगद कमी झाला, आणि विशालला ते कळलंही.

मग शांतीला बसवायचं झालं. तिला वाटलं होतं कुणीतरी आग्रह करेल, मग ती नको नको म्हणेल. पण आग्रहाआधीच ती चालायला लागली आणि जनार्दननं ठेवलेल्या पाटावर पाय देऊन डब्यात उतरली. पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतला. अनिता म्हणाली, आई, भीती नाय ना वाटत?

"भीती कसली गो," शांती म्हणाली. "आजवर याच्या मागं एका अंगाला बसले. पाय डावीकडं, तोंड डावीकडं. डावीकडचं शेत न् शेत मला पाठ हाय. रस्ता समोरून कसा दिसतो, ते बघायचंय मला."

हे सखानं ऐकलं. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि आता येऊन त्याला फार लाज वाटली. तो ऋत्विकच्या खांद्याला धरून उजवीकडून गाडीला भिडला. डावा पाय काही वर येईना. तेव्हा आदर्शनं वाकून तो दोन्ही हातांनी उचलला, सीटवरून पलीकडे नेला आणि नीट पायदानावर ठेवला. सखा बसला. तीन चाकांवर गाडी जराही हलली नाही. गियर टाकून बघितला, पडला. क्लच दाबला, सोडला. ऋत्विकनं पेट्रोल चालू केलं, किल्ली खोचली, टाकीवर हात मारला आणि किक मारायला डावीकडे आला.

आला आणि उभाच राहिला.

येझदीची किक डावीकडे असते, आणि गियरही त्याच लिव्हरनं पडतो. साइडकारही डावीकडेच. दोघांच्या मध्ये चार बोटांची जागा. ऋत्विकनं पाय तिरका घालून बघितला, टाच घालून बघितली, शेवटी हातानं लिव्हर दाबली. ती अर्ध्यावर आली आणि साइडकारच्या पाइपवर ठण्णकन आपटली. गियर टाकायला ती हवी तेवढी हलत होती. किक मारायला मात्र नाही.

"तू किक मारून बघितली नव्हतीस?" आदर्शनं विचारलं.

"बघितली ना. साइडकार लावायच्या आधी."

"आणि नंतर?"

ऋत्विकनं बापाकडे बघितलं. जनार्दननं जमिनीवर पडलेल्या कापडाकडे बघितलं. चाळीस वर्षांत हजारो गणपती त्याच्या हातून गेले, पण एकालाही किक मारावी लागली नव्हती. अनिताला हसू फुटलं, ते तिनं पिठाच्या हातानं दाबलं आणि तिचं तोंड पांढरं झालं.

ऋत्विक घाईघाईनं सांगायला लागला. साइडकार सोडायची, पाइप वाकवून घ्यायचा, परत जुळवायची, चार दिवसांत होईल, फार तर आठ. पण सखाचा चेहरा उतरला होता. त्यानं किल्ली काढली आणि टाकीवर ठेवली. रेघेला ओरखडा जाऊ नये म्हणून अगदी हळू ठेवली.

"नाय जमली," तो म्हणाला. "शब्द दिला व्हता. गाडी चांगली केलीस रे पोरा. आदर्श, माझी काठी दे."

विशालला एकदम सुटल्यासारखं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, वाटलं. भांडण नाही, वाईटपणा नाही, गाडीनंच परस्पर निकाल दिला. आता जेवायचं, दुपारी घरी जायचं, बाप खुर्चीत सुखरूप. त्यानं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं खुर्ची आली. तीच ओटीवरची, प्लॅस्टिकची. त्यात बसलेला माणूस पडणार नव्हता हे खरं. पण दहा महिन्यांत तो एकदाही हसला नव्हता, आणि हे घरात सगळ्यात आधी विशालच्याच लक्षात आलं होतं.

डब्यातून शांती म्हणाली, "विशाल, मी उतरनार नाय." तिनं मानही वळवली नाही. समोर बघत होती, शेडच्या दाराकडे, जणू गाडी चालूच आहे.

विशालनं हातातलं घड्याळ काढलं आणि अनिताकडे दिलं.

"शब्द एका फेरीचा होता ना, आबा? मग ढकलायची नाय, असं कुठं ठरलं होतं?"

सखानं त्याच्याकडे बघितलं.

"किल्ली लावा," विशाल म्हणाला. "दोन नंबरला टाका. क्लच दाबून धरा. मी सोड म्हणेन तेव्हा सोडायचा. आधी नाय."

"तुझ्या आधी कदी सोडला का रे मी?" सखा म्हणाला.

नव्हता सोडला. एकदाही नाही. विशाल मागं गेला आणि मडगार्डला खालून हात घातला. तळवा बरोबर त्या पोचेत बसला. आदर्श आणि ऋत्विक साइडकारला लागले, जनार्दन दुसऱ्या बाजूला. अनिता पिठाचे हात घेऊन आली, तिला विशालनं जागा करून दिली. ऋत्विक वाकून आबांच्या कानात सांगत होता, की गाडी डावीकडे ओढेल, हँडल जरा उजवीकडे दाबून ठेवा. सखा म्हणाला, शिकव मला.

शेडच्या दारातून गल्लीत उतार होता. पाच माणसांनी जोर लावला, तीन चाकं फिरायला लागली. विशाल पळता पळता मोजत होता, पूर्वी मोजायचा तसाच. "सोड!" सखानं क्लच सोडला. मागचं चाक अडखळलं, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. शांतीच्या डोक्यावरचा पदर सुटला, तिनं तो परत गुंडाळला.

"पहिल्याला कदी चालू झालीय?" सखा म्हणाला.

दुसऱ्यांदाही नाही झाली. गल्ली संपायला आली. पुढं कोपरा, कोपऱ्यानंतर मिठागरांकडे जाणारा कच्चा रस्ता, सरळ आणि मोकळा. शेजारपाजारचे दारात आले होते. जनार्दनला धाप लागली होती. विशालनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सांगितलं, आता माझ्या पायाला पाय मिळवून पळा. तिसऱ्यांदा गाडीनं वेग घेतला. विशालनं दोन पावलं जास्त थांबू दिलं, कारण पावसाळ्यात तो तसंच करायचा, आणि मग ओरडला.

"सोड!"

येझदी फुरफुरली, थांबेल असं वाटलं, आणि मग सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांतून जो आवाज निघाला तो ऐकून आदर्शनं ऋत्विकच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. निळा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. गाडी हातातून सुटली. सखानं एकदाच हँडल उजवीकडे दाबलं, ती सरळ झाली, कोपऱ्यावरून वळली आणि कच्च्या रस्त्याला लागली. शांती दोन्ही हातांनी डब्याची कड धरून पुढं बघत होती.

सखा थांबला नाही. मागं वळून बघितलंही नाही. त्यानं डावा हात वर केला आणि इंजिनच्या वर आवाज काढून ओरडला.

"जा रे आता शाळेला!"

विशाल रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत तेलाचे बारीक ठिपके उडाले होते. बाप थांबला असता तर गाडी बंद पडली असती, हे त्याला सहावीतही ठाऊक होतं. पण वळून न बघणारा तो माणूस रोज त्याच्याशी बोलत होता, हे त्याला आत्ता कळलं. तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि ते पुसायला त्याचे हात फार काळे होते.

अनिता शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, एक फेरी म्हणाले होते, हे तर धरमतरच्या खाडीच्या अंगाला निघाले. मग तिनं त्याचा शर्ट बघितला आणि म्हणाली, काढून दे, भिजत घालते, नाहीतर डाग जायचे नाहीत.

"राहू दे ताई," विशाल म्हणाला. "नाय गेले तरी चालतील."

आवाज अजून येत होता. ते सगळे तिथंच उभं राहून तो ऐकत राहिले, आणि बिरडं तोवर गार झालं.